हमालाचा मालक कोण?

पहाटे मार्केट यार्डात ट्रक लागतो. ताडपत्री सुटते, फाळका खाली येतो आणि पाच-सहा जणांची टोळी कामाला भिडते. दोघं वर चढून पोती काठाशी ओढून आणतात. खालचा माणूस पाठ वाकवून पोतं अंगावर घेतो, आकड्यानं ते सावरतो आणि गाळ्यातल्या थप्पीकडं चालू लागतो. थप्पी डोक्याच्या वर गेली की तिरकी फळी लावतात. मग तेच ओझं घेऊन फळीवरून चढायचं. ट्रक रिकामा झाला की टोळी पुढच्या गाळ्यावर जाते. दिवस मावळेपर्यंत एकाच टोळीच्या पाठीवरून चार-पाच व्यापाऱ्यांचा माल गेलेला असतो.

या माणसाचा मालक कोण? ट्रकवाला म्हणेल, माल पोचवला, माझं काम संपलं. आडत्या म्हणेल, माल माझा कुठं आहे, मी तर मधला माणूस. खरेदीदार म्हणेल, हमाली दिली, आता माझा काय संबंध? मुकादम म्हणेल, मीसुद्धा टोळीतलाच एक. यातलं कुणीही धादांत खोटं बोलत नाही आणि नेमकी तिथंच हमालाची कोंडी होते. कारण आपले बहुतेक कामगार कायदे मालक समोर हजर आहे असं धरून चालतात. भविष्य निर्वाह निधी भरायचा तो मालकानं, भरपगारी रजा द्यायची ती मालकानं; बोनस, ग्रॅच्युइटी, अपघाताची भरपाई, सगळं मालकाकडं मागायचं. ज्याच्या कामाचा फायदा दहा जणांना होतो, पण ज्याला कामावर ठेवलंय असं कुणीच म्हणत नाही, त्यानं कुणाच्या दारात जायचं?

महाराष्ट्रानं या प्रश्नाचं उत्तर १९६९ साली दिलं. महाराष्ट्र माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगार (नोकरीचे नियमन व कल्याण) अधिनियम हे त्या कायद्याचं पूर्ण नाव; बोलताना सगळे माथाडी कायदाच म्हणतात. रोजगार हमी योजना महाराष्ट्रानं देशाला दिली हे आपण अभिमानानं सांगतो. माथाडी कायद्याबद्दल तेवढ्या अभिमानानं कुणी बोलत नाही, आणि याचं मला वाईट वाटतं. या राज्यातल्या कष्टकरी चळवळीनं घडवलेला इतका कल्पक कायदा मला दुसरा दिसत नाही.

तो का करावा लागला, हे समजायला जुन्या मुंबईच्या मशीद बंदर, दाणाबंदर, वाडीबंदर या भागात जावं लागतं. धान्य, मसाले, साखर, लोखंड, कापूस, कापडाच्या गाठी, सगळं माणसांच्या डोक्या-पाठीवरून हलायचं. ही माणसं मुख्यतः घाटावरची. साताऱ्याच्या पाटण-जावळीकडची, सांगलीच्या शिराळ्याची, पुण्याच्या जुन्नर-आंबेगावची. गावाकडं कोरडवाहू जमिनीचा तुकडा आणि मुंबईत गाळ्याच्या ओट्यावर किंवा दहा-वीस जणांच्या एका खोलीत पथारी. जेवण खानावळीत. काम टोळीनं मिळायचं आणि टोळी मुकादमाच्या किंवा टोळीवाल्याच्या हातात. व्यापारी हमालीचे पैसे त्याच्याकडं द्यायचा. तो किती वाटायचा आणि किती ठेवायचा, हे त्याच्या मनावर. गावी जाताना उचल घ्यायची आणि परत आल्यावर ती फेडत राहायचं. पोतं साधारण क्विंटलचं, म्हणजे १०० किलोचं. पाय घसरून कुणाचा गुडघा गेला किंवा मणका सरकला तर तो गावी जायचा आणि त्याच्या जागी त्याच गावातला दुसरा कुणी यायचा. कुणाच्या वहीत त्याचं नाव नव्हतं, त्यामुळं तो गेल्याची नोंदही कुठं व्हायची नाही.

एक नमुना मात्र अगदी शेजारी होता. मुंबईच्या गोदीतले कामगारही असेच रोजच्या रोज जहाजानुसार कामावर घेतले जायचे. १९४८ साली केंद्रानं गोदी कामगारांसाठी कायदा केला आणि त्यातून गोदी कामगार मंडळं आली. कामगाराची नोंद मंडळाकडं झाली, जहाज लागेल तसं मंडळानं काम द्यायचं ठरलं. गोदीच्या भिंतीच्या आत पोतं उचलणाऱ्याला जे मिळू लागलं, ते भिंतीबाहेर तेच पोतं उचलणाऱ्याला मिळत नव्हतं. हा फरक डोळ्यांत खुपणारा होता.

मुंबईत अण्णासाहेब पाटलांनी हा सवाल धसाला लावला. ते स्वतः पाटण तालुक्यातल्या मंद्रुळकोळेचे, हमालीचं काम अंगावर घेतलेले. विखुरलेल्या टोळ्यांना त्यांनी एका संघटनेत आणलं. पुण्यात डॉ. बाबा आढाव भवानी पेठ-नाना पेठेच्या भुसार बाजारातल्या हमालांना एकत्र करत होते. पन्नासच्या दशकात तिथं हमाल पंचायत उभी राहिली. दोघांच्या कामाची धाटणी निराळी. मुंबईत संघटनेची ताकद बाजार बंद पाडू शकणाऱ्या संख्येत होती. पुण्यात हमालांची स्वतःची पंचायत, पतसंस्था, पुढं ‘कष्टाची भाकर’सारखं स्वस्त जेवणाचं केंद्र, असा संसार उभा करण्यावर भर होता. मोर्चे, संप, शिष्टमंडळं यांनी सरकारवर दबाव वाढत गेला. १९६५ साली सरकारनं समिती नेमली, १९६७ मध्ये तिचा अहवाल आला आणि वसंतराव नाईक मुख्यमंत्री असताना १९६९ मध्ये कायदा झाला.

या कायद्याची खुबी अशी की ‘मालक कोण’ या वादात तो अडकून पडतच नाही. मालक एक नाही ना? मग जे जे काम करून घेतात त्या सगळ्यांनी नोंदणी करा, आणि मजुरी हमालाच्या हातात किंवा मुकादमाच्या हातात न देता मंडळाकडं भरा. कामगारांनीही मंडळाकडं नोंदणी करायची. ठेकेदारामार्फत काम करून घेतलं तरी जबाबदारी मुख्य मालकाचीच राहते. मंडळावर मालकांचे आणि कामगारांचे प्रतिनिधी समसमान, आणि सरकारचे एक तृतीयांशाहून जास्त नाहीत. किराणा बाजार, लोखंड बाजार, कापड, कापूस, लाकूड, रेल्वे यार्ड, भाजीपाला, अशा धंद्यांची आणि जिल्ह्यांची वेगवेगळी मंडळं होत गेली.

आता प्रत्यक्ष हिशेब कसा चालतो ते जरा जवळून पाहू. आकडे फक्त समजण्यापुरते घेतो, कारण दर मंडळागणिक आणि कामागणिक बदलतात. समजा, पाच जणांची एक टोळी पाच दुकानांत काम करते. हमाली नगावर किंवा वजनावर ठरलेली आहे. महिन्याकाठी एका दुकानाचं काम २०,००० रुपयांचं झालं. या मंडळाची लेव्ही, म्हणजे मजुरीवर मालकानं वर भरायची रक्कम, ४० टक्के आहे असं धरू. मग ते दुकान मंडळाकडं २०,००० अधिक ८,००० असे २८,००० रुपये भरेल. पाच दुकानांचे मिळून मजुरीचे १,००,००० आणि लेव्हीचे ४०,००० रुपये मंडळाकडं जमा होतील. मंडळ एका हमालाच्या नावावर २०,००० रुपये मजुरी लावेल आणि त्यातून नियमाप्रमाणं कपात करून पगार त्याच्या खात्यात टाकेल. त्याच्या वाट्याच्या ८,००० लेव्हीतून भविष्य निर्वाह निधी, ग्रॅच्युइटी, बोनस, रजेचा पगार, सणाच्या सुट्ट्यांचा पगार, दवाखान्याची सोय आणि मंडळाचा कारभार एवढं सगळं भागतं.

यात घडलं काय? एका दुकानाच्या दृष्टीनं हा हमाल म्हणजे महिन्याला ४,००० रुपयांची किरकोळ मजुरी आहे. चार हजारांसाठी कुणी दुकानदार निर्वाह निधीचं खातं उघडत बसणार नाही, आणि खरं सांगायचं तर छोट्या दुकानदाराला ते जमणारंही नाही. पण पाच दुकानांचे असे तुकडे मंडळाच्या वहीत एकत्र आले की त्यातून एक अख्खी नोकरी तयार होते. दुकानदारालाही सोय आहे. त्यानं चेक भरला की पुढची कटकट मंडळाची. कमी-जास्त कामाचा धोकाही त्याच्यावर नाही, कारण काम झालं तेवढ्याचेच पैसे द्यायचे. हमाली हा मुळातच अनेकांसाठी करायचा धंदा आहे. कायद्यानं हमालाला कुणा एकाचा नोकर करण्याचा हट्ट धरला नाही. धंद्याची रीत आहे तशी राहू दिली आणि हक्क मात्र पक्क्या नोकरीचे दिले.

पगारपत्रकाचं महत्त्व ज्याच्याकडं कायम ते असतं त्याला कळत नाही. हमालाच्या हातात मंडळाचा पगाराचा कागद आला आणि बँक त्याला दारात उभं करू लागली. कर्ज मिळू लागलं. ऐंशी-नव्वदच्या दशकांत मुंबईचे घाऊक बाजार नवी मुंबईत तुर्भे-वाशीला हलले, तेव्हा कोपरखैरणे, घणसोली या भागांत माथाडींच्या वसाहती उभ्या राहिल्या. गाळ्याच्या ओट्यावर झोपणाऱ्यांच्या पुढच्या पिढीला पत्ता मिळाला, त्या पत्त्यावर शाळेचा दाखला मिळाला. माथाडींची मुलं डॉक्टर, वकील, अधिकारी झालेली आज नवी मुंबईत भेटतात. कायदा किती उपयोगी पडला हे मोजायचं तर मी या घरांकडं बोट दाखवीन.

पोत्याचं वजन हा मात्र वेगळा लढा होता. पगार नियमित झाला म्हणून १०० किलो हलके होत नाहीत. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेनं १९६७ साली प्रौढ पुरुषानं उचलण्याच्या ओझ्याची शिफारस केली ती ५५ किलोंची. आपल्याकडं त्यानंतरही कितीतरी वर्षं क्विंटलची पोती चालत राहिली. पोतं ५० किलोचं करा, ही मागणी हमालांच्या संघटनांनी सतत लावून धरली. व्यापाऱ्यांची अडचण अशी की पोती दुप्पट झाली की बारदानाचा, शिलाईचा खर्च वाढतो. एका बाजूला सुतळीचा खर्च आणि दुसऱ्या बाजूला मणका, अशी ही तुलना होती आणि ती करायला इतकी वर्षं लागली. आज बहुतेक ठिकाणी पोतं ५० किलोचं झालंय, तरी आवक जास्त असलेल्या दिवशी एका पाठीवरून किती टन जातात याची मोजदाद कुठं होत नाही. पन्नाशीतल्या हमालांच्या माना आणि गुडघे पाहिले की ती मोजदाद न करताही कळते.

आता दुसरी बाजू, कारण कायदा चांगला असला म्हणून अंमल चांगला आहे असं नाही.

पहिली गोष्ट नोंदणीची. ज्यानं काम करून घेतलं त्यानं स्वतःहून नोंदणी करावी, हा कायद्याचा पाया. नोंदणी टाळली की लेव्ही वाचते, त्यामुळं टाळणारे पुष्कळ. मोठमोठी गोदामं, मालवाहतुकीची केंद्रं शहरांच्या कडेनं उभी राहिली. तिथं पोती-खोकी हलवणारे हजारो जण ठेकेदाराच्या नावावर आहेत. काम तेच, ओझं तेच, मंडळाचा कागद नाही. मंडळांवर प्रतिनिधींच्या नेमणुका वेळेवर होत नाहीत आणि कारभार एकट्या अधिकाऱ्याच्या हाती राहतो, ही तक्रार कामगार संघटना सतत करत आल्या आहेत. कामगार आणि मालक समोरासमोर बसून दर ठरवतील, ही या कायद्यातली लोकशाही. खुर्च्याच रिकाम्या असतील तर ती कागदावर उरते.

दुसरी गोष्ट जास्त दुखरी. माथाडीच्या नावानं गुंड टोळ्या कारखान्यांच्या दारात उभ्या राहतात आणि माल यंत्रानं उतरला तरी, कामाला हातही न लावता पैसे मागतात, अशा तक्रारी औद्योगिक पट्ट्यांतून येत असतात. ही सरळ खंडणी आहे आणि तिचा बंदोबस्त पोलिसांनी केलाच पाहिजे. पण खंडणीखोर हा माथाडी नव्हे. त्याची कुठं नोंद नसते, त्याला पोतं उचलायचं नसतं. २०२३ साली या खंडणीचं कारण पुढं करून सरकारनं कायद्यात बदल करणारं विधेयक आणलं, तेव्हा सगळ्या संघटनांनी एकमुखानं विरोध केला. यंत्राची थोडी मदत घेऊन काम करणारा कामगार नव्या व्याख्येत बसणार नाही, ही त्यांची मुख्य भीती होती. ती मला रास्त वाटते. पाठीवरचं पोतं हातगाडीवर किंवा पट्ट्यावर आलं तर ती सुधारणा आहे. कामगाराचं अंग वाचल्याबद्दल त्याचे हक्क जावेत हे कुठलं गणित? खंडणीसाठी फौजदारी कायदा आहे. तो वापरावा.

तिसरी गोष्ट, हमालीचा बोजा शेवटी कुणावर पडतो. शेतकरी बाजार समितीत माल आणतो तेव्हा त्याच्या पट्टीतून हमाली, तोलाई कापली जाते. लेव्ही मात्र व्यापाऱ्यानं भरायची. २०२४ च्या एप्रिलमध्ये नाशिक जिल्ह्यात याच लेव्हीवरून व्यापारी आणि हमाल-मापारी यांच्यात वाद पेटला आणि कांद्याचे लिलाव काही दिवस बंद पडले. कांदा शेतकऱ्याच्या दारात पडून राहिला. वाद हमाल आणि व्यापाऱ्याचा, तोटा तिसऱ्याचा. हमाल बहुतेक वेळा शेतकऱ्याच्याच घरातला असतो, कोरडवाहू जमीन पोसत नाही म्हणून यार्डात आलेला. त्याला शेतकऱ्याविरुद्ध उभं करणं सोपं आहे, आणि या वादांत ते वारंवार होतं. लेव्ही मालाच्या खरेदीचा खर्च आहे, तो खरेदीदारानं उचलायचा, एवढी गोष्ट बाजार समितीनं आणि मंडळानं मिळून हंगामाच्या आधी पक्की करायला हवी. लिलावाच्या दिवशी ती सुटत नाही.

आणि बाया. कांद्याच्या खळ्यावर प्रतवारी करणाऱ्या, सांडलेलं धान्य झाडून-पाखडून घेणाऱ्या, मिरच्यांचे देठ खुडणाऱ्या बाया प्रत्येक बाजारात दिसतात. मिरचीच्या गोदामात तोंडाला पदर बांधून दिवसभर बसलेल्या बाईचे डोळे संध्याकाळी कसे होतात हे ज्यानं पाहिलंय त्याला हे अंगमेहनतीचं काम आहे का, असा प्रश्न पडणार नाही. तरी मंडळाच्या वहीत नाव असतं ते मुख्यतः पोतं उचलणाऱ्या पुरुषाचं. कायद्यात ‘इतर श्रमजीवी’ हे शब्द आहेत. त्यांत या बायांना जागा आहे. त्यांची नोंदणी करायला नवा कायदा लागत नाही, मंडळाची इच्छा लागते.

माथाडी कायद्याची कल्पना बाजाराबाहेरही गेली. महाराष्ट्रानंच १९८१ साली खासगी सुरक्षा रक्षकांसाठी याच धर्तीवर कायदा करून मंडळं नेमली. केरळानं १९७८ साली डोक्यावर ओझी वाहणाऱ्यांसाठी आणि तमिळनाडूनं १९८२ साली अंगमेहनती कामगारांसाठी आपापले कायदे केले. या सगळ्यांमागचा विचार एकच: नोकरी विखुरलेली असली तरी माणूस विखुरलेला नसतो, त्याचा हिशेब एका जागी झाला पाहिजे.

हाच विचार आज पुन्हा दारात येऊन उभा आहे. मोबाइलवरच्या ॲपमधून जेवण पोचवणारा, सामान आणून देणारा, टॅक्सी चालवणारा तरुण. सकाळी एका कंपनीचं ॲप, दुपारी दुसऱ्याचं. कंपनी म्हणते तो आमचा नोकर नाही, भागीदार आहे. हॉटेलवाला म्हणतो माझा काय संबंध, मी फक्त डबा दिला. गिऱ्हाईक म्हणतं मी तर पैसे भरले. मशीद बंदरच्या हमालाला मिळायची ती सगळी उत्तरं याला मिळतात, फक्त मुकादमाच्या जागी आता संगणकाचा हिशेब आहे आणि त्याच्याशी भांडता येत नाही.

राजस्थाननं २०२३ साली आणि कर्नाटकानं २०२५ साली अशा कामगारांसाठी कायदे केले. त्यांची ठेवण पाहिली की माथाडी मंडळ ओळखू येतं: कामगारांची नोंदणी, मंडळ आणि व्यवहारामागे कंपनीकडून कल्याणाचं शुल्क. केंद्राच्या २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ॲप कंपन्यांनी वार्षिक उलाढालीच्या १ ते २ टक्के रक्कम द्यावी, पण ती कामगारांना दिलेल्या पैशाच्या ५ टक्क्यांहून अधिक नसावी, अशी तरतूद आहे. हे पाऊल पुढचं आहेच. पण माथाडींशी ताडून पाहिलं तर दोन ठिकाणी ते फार तोकडं पडतं.

एक तर रक्कम. माथाडी मंडळांत लेव्ही मजुरीच्या ३०-४० टक्क्यांच्या घरात असते. तेवढी भरली तेव्हा कुठं निर्वाह निधी, ग्रॅच्युइटी, रजा आणि दवाखाना एवढं भागलं. ५ टक्क्यांत विम्याच्या पुढं फारसं काही बसणार नाही. दुसरं म्हणजे दर. माथाडीची मजुरी मंडळातून जाते, त्यामुळं काम किती झालं आणि दर काय लागला हे मंडळाच्या वहीत दिसतं आणि दराची बोलणी मालक आणि संघटना यांच्यात होतात. ॲपवरच्या मुलाची मजुरी कंपनीकडून थेट त्याच्या खात्यात येते, आणि एका रात्रीत फेरीमागचे पैसे कमी झाले तर विचारायला समोर माणूस नसतो. महाराष्ट्रात असा कायदा करायची वेळ येईल तेव्हा शुल्काच्या टक्केवारीवर चर्चा होईलच. पण फेरीचा दर बदलण्याआधी तो मंडळापुढं ठेवला पाहिजे आणि प्रत्येक फेरीचा हिशेब मंडळाकडं आला पाहिजे, ही दोन कलमं त्यात लिहून घ्यावी लागतील. तसं कलम आधी कुठं चाललंय का, असं कुणी विचारलं तर तुर्भ्याच्या बाजारात ते १९६९ च्या कायद्याखाली दर महिन्याला चालताना दिसतं.